गंधालीच्या वहीत एकही फुली नव्हती

समजा, तुम्ही अकरा वर्षांचे आहात.

गणितात 'समजा' म्हटलं की वाद घालायचा नसतो. बारा असाल तरी अकरा समजा, दहा असाल तरी अकरा. आता समजा की तुमचं घर बदनापूरला आहे, स्टेशनापासून चालत सात मिनिटांवर, पण तुम्हाला सात मिनिटं चालायची परवानगी नाही. जुलैत तुमचे गुडघे सुजले, मग घोटे, मग कोपर. सूज एका सांध्यातून उठून दुसऱ्यात जाऊन बसायची, जणू तिला एकही खोली पसंत पडत नव्हती. त्याआधी घसा दुखत होता, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं आणि तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं. तुम्ही बाकावर बसून बंद दाराकडं बघता आहात. आत तुमची आई आहे आणि आजोबा आहेत. ते काय बोलतात ते ऐकू येत नाही. एवढं समजलात तर पुढचं सोपं आहे.

बाकावर बसलेली ती माझी नात गंधाली, आणि दाराच्या आत बसलेला तो आजोबा मी. नाव श्रीपती. चौतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. आधी घनसावंगीकडच्या एका वाडीत, मग मंठ्याला, शेवटची नऊ वर्षं बदनापुरात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बाजारात मेथीच्या जुड्यांपाशी कुणीतरी मिशीवाला माणूस पायाला हात लावतो आणि म्हणतो, सर, तुम्ही मला नवाच्या पाढ्यासाठी बाकावर उभं केल्तं. मला आठवत नसतं. मी 'हो हो' म्हणतो. केलं असणारच.

डॉक्टरांनी त्या दिवशी चार गोष्टी सांगितल्या. हृदयाची एक झडप सुजली आहे. मुलीनं वर्षभर घरी राहायचं. धावपळ, जिने, शाळेची सायकल सगळं बंद. दर एकवीस दिवसांनी कमरेत एक सुई घ्यायची, ती चुकवायची नाही. आणि तिच्या मनावर ताण येऊ द्यायचा नाही. पहिल्या तीन गोष्टी आम्ही जशाच्या तशा पाळल्या. चौथी मी जरा जास्तच पाळली.

घरात विषयांची वाटणी झाली. गंधालीची आई, म्हणजे माझी सून शरयू, जालन्याला एका बियाण्यांच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे. शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं, हे तिचं काम. माझा मुलगा निखिल पुण्याला कारखान्यात, महिन्यातून दोनदा येतो. शरयूनं भाषा आणि विज्ञान संध्याकाळी स्वतःकडं घेतलं आणि म्हणाली, "आबा, गणित तर तुमचंच." मला फार बरं वाटलं. निवृत्त माणसाला कुणी काही तुमचंच म्हटलं की तो पुढचा विचार करत नाही.

आजारी पडायच्या आधी गंधाली आणि मी गणितावरून रोज भांडायचो. एकदा तिनं उत्तरापुढं 'लिटर' लिहिलं नाही म्हणून मी फुली मारली, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी येऊन तिनं माझ्याच किराण्याच्या यादीवर फुली मारली, कारण मी नुसतं 'तेल दोन' लिहिलं होतं. अशी पोरगी.

ऑगस्टमध्ये आम्ही सहावीचं पुस्तक उघडलं. पहिले आठ दिवस सगळी उत्तरं बरोबर आली. नवव्या दिवशी तिनं तीन चतुर्थांश आणि एक द्वितीयांश यांची बेरीज चार षष्ठांश केली. वरचे वर मिळवले, खालचे खाली. ही चूक मी आयुष्यात काही हजार वेळा तपासली असेल. हात आपोआप लाल पेनाकडं गेला. पण तिच्या मनगटावर सलाइनच्या सुईचा हिरवा डाग अजून होता. मी त्या डागाकडं बघितलं, मला डॉक्टर आठवले, आणि मी बरोबरची खूण करून खाली 'छान' लिहिलं. वर सहीसुद्धा केली. गंधालीनं ती खूण बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि पान उलटलं.

एकदा खोटी खूण केली की दुसरी करायला कमी त्रास होतो. सप्टेंबरात तिच्या वजाबाक्या चुकायला लागल्या. मी खुणा करत राहिलो. ऑक्टोबरात तिनं सात अठ्ठे चोपन्न लिहिलं. त्या दिवशी मी खूण केली आणि बाहेर जाऊन पेरूच्या झाडाखाली उभा राहिलो. दुसरीत जी पोरगी मला अठराचा पाढा उलटा म्हणून दाखवायची, तिला सातआठ येईना.

मी शास्त्रशुद्ध विचार केला. चूक मुलीची असू शकत नाही, कारण ती हुशार आहे. चूक माझी असू शकत नाही, कारण चौतीस वर्षं. दोन शक्यता वजा केल्यावर तिसरी उरते. चूक अभ्यासक्रमाची होती. सहावी ते आठवी ही तीन वर्षं गणितात फार नाजूक. तिथं नको ते पुस्तक हातात पडलं तर मूल आयुष्यभर अपूर्णांकाला भितं. ही तीन वर्षं तिला कोणत्या अभ्यासक्रमानं शिकवायची, हे आता मलाच ठरवायचं होतं.

माझ्या मनात हा विचार आला तो सकाळी दहाला. साडेअकराला राधेश्याम दारात होता. राधेश्यामचं वह्या-पुस्तकांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाला आहे आणि त्याच्या हातून पुस्तक घेतल्याशिवाय गल्लीतलं कुणी पास होत नाही अशी त्याची समजूत आहे. त्यानं पिशवीतून केंद्रीय बोर्डाचं पुस्तक काढलं, त्याचं मार्गदर्शक काढलं, आणि मग त्या मार्गदर्शकाचं मार्गदर्शक काढलं. वर पुण्याच्या भाच्याकडून मागवलेली एक परदेशी कार्यपुस्तिका. कागद इतका गुळगुळीत की पेन्सिल घसरत होती. पहिल्याच पानावर एका मुलानं ताशी किती घनफूट बर्फ अंगणातून उपसला ते काढायचं होतं. बदनापूरला बर्फ रसवंतीवर मिळतो. तरी मी म्हटलं, कल्पनाशक्तीला चालना मिळेल. गंधालीनं उत्तर लिहिलं, 'उपसला नाही.' मी खूण केली.

मग मी एक मोठी वही घेतली आणि तक्ता आखला. डावीकडं धडे, वर चार अभ्यासक्रम. एकात ऋण संख्या आधी आणि अपूर्णांक नंतर. दुसऱ्यात अपूर्णांक आधी आणि ऋण संख्या पुढच्या वर्षी. तिसऱ्यात दोन्ही एकदमच, एका लिफ्टच्या गोष्टीत. चौथा फोनवरचा, त्यात धडेच नव्हते, 'प्रवास' होते, आणि वाटेत एक हत्ती भेटायचा. तीन आठवडे मी हा तक्ता भरत होतो. रकाने संपले की पानाला पान चिकटवायचो. शेवटी तो उलगडायला पलंग लागायचा, आणि पलंगावर गंधाली असायची. ती पाय आखडून घ्यायची आणि मी तिच्या पांघरुणावर सहावी ते आठवी पसरायचो.

आमच्या समोर पाशामियाँ राहतात. पंचाहत्तरी उलटलेले, जन्मभर गुरांच्या बाजारात दलाली केलेली. शाळा दुसरीपर्यंत, पण तोंडी हिशेबात मी त्यांच्यापुढं कधी पैज लावत नाही. रोज दुपारी काठी टेकत येतात आणि ओट्यावर बसतात. तक्ता बघून म्हणाले, "श्रीपतराव, इतना कागद? हमको तो वालिद ने एकच चीज शिकवली. सव्वा, डेढ, ढाई. बस, त्यावर जिंदगी काढली." मला ते पटलं. पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे, माझ्या वडिलांनाही पाठ होते. मी तक्त्यात पाचवा रकाना आखला. पाशामियाँ खिडकीबाहेर बसून दिडकी म्हणायचे आणि मध्येच थांबून आत विचारायचे, "बेटा, नऊ डेढे?" आतून आवाज यायचा, "बारा." पाशामियाँ माझ्याकडं बघायचे. मी आत तोंड करून म्हणायचो, "शाब्बास."

तेवढ्यात मला कळलं की बोर्ड बदलायचा तर शाळेचा दाखला काढावा लागतो. शाळेत कारकून बेबीनंदाबाई. बाई माझीच विद्यार्थिनी, त्यामुळं खुर्ची मिळाली, चहा मिळाला, दाखला सोडून सगळं मिळालं. बाईंनी एक छापील कागद पुढं केला. 'शाळा सोडण्याचे कारण (लागू असेल त्यावर खूण करा): स्थलांतर / विवाह / मृत्यू / इतर.' मी अर्थातच 'इतर'कडं पेन नेलं. बाई म्हणाल्या, "सर, 'इतर' संगणक घेत न्हाई. त्याला जालन्याहून वेगळं पत्र लागतं, आन् पत्र देणाऱ्या साहेबांची बदली झाली." मग काय करू म्हटलं. बाई म्हणाल्या, काही घाई नाही सर, घरी न्या, निवांत विचार करून कशावर तरी खूण करून आणा. अकराव्या वर्षातल्या मुलीच्या बाबतीत उरलेल्या तिन्हींपैकी निवांत विचार करावा असं मला एकही दिसलं नाही. मी कागद घरी आणला आणि घडी पडू नये म्हणून गंधालीच्या गणिताच्या वहीत ठेवला.

गैरहजेरी तीन महिन्यांच्या वर गेल्यामुळं गंधालीचं नाव मधल्या काळात शाळाबाह्य मुलांच्या यादीत गेलं होतं. एका सकाळी दोन तरुण शिक्षक रजिस्टर घेऊन दारात उभे. त्यांनी मला शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. मुलगी शिकली तर काय काय होतं तेही सांगितलं. हे भाषण मी स्वतः वीस वर्षं मंठ्याच्या वस्त्यांवर केलेलं, त्यामुळं पुढचं वाक्य मला आधीच माहीत असायचं. एके ठिकाणी त्यातला एक अडखळला तेव्हा मी त्याला शब्द पुरवला. त्यानं रजिस्टरात लिहिलं, 'आजोबा अनुकूल, पाठपुरावा करावा.'

आता राहिला हत्तीवाला अभ्यासक्रम. तो फोनवर होता आणि सुरू करण्याआधी मुलाची चाचणी घ्यायचा. तीस प्रश्न, प्रत्येकाला चाळीस सेकंद. मी गंधालीच्या हातात फोन दिला. तिनं तीसच्या तीस प्रश्न शांतपणे सोडवले आणि हत्तीनं निकाल दिला, 'तुझी पातळी: इयत्ता तिसरी.' मी म्हटलं, हत्ती खोटारडा आहे. ती म्हणाली, "असंल."

चाचणीतच दोष आहे हे सिद्ध करायचं तर एका भरवशाच्या माणसानं ती द्यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, शरयू जालन्याच्या गाडीला गेल्यावर, मी चष्मा पुसला आणि स्वतःच्या नावानं नोंदणी केली. नाव श्रीपती. वय विचारलं तिथं यादी सोळापाशी संपत होती, म्हणून मी बारा टाकलं. प्रश्न मला येत होते. पण उत्तर लिहायचं नव्हतं, बोटानं सफरचंद ओढून टोपलीत टाकायचं होतं. माझी सफरचंदं टोपलीपर्यंत जायची आणि काठावरून परत यायची. एकदा फोन आडवा झाला आणि प्रश्नच उलटा झाला. तीसपैकी अकरा चुकले. प्रत्येक चुकीला एक लाल फुली यायची आणि हत्ती सोंड खाली घालायचा. निकाल आला, 'श्रीपती, तुझी पातळी: इयत्ता पाचवी. नाराज होऊ नकोस.'

मी नाराज झालो नाही. मी फोन पालथा ठेवला. नोंदणी करताना पालकांचा नंबर म्हणून मी शरयूचा दिला होता, हे मला दुपारी आठवलं, पण तोवर हत्तीवाल्या कंपनीच्या चिन्मयी मॅडमनी तिला प्रयोगशाळेत गाठलं होतं. शरयूच्या हातात चिमटा आणि पुढं कपाशीच्या शंभर बिया, म्हणून तिनं फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवलेला. आख्ख्या प्रयोगशाळेनं ऐकलं. श्रीपतीच्या मम्मी बोलताय का? श्रीपती गोड मुलगा आहे, पण भागाकारात मागं पडतोय. घरी त्याच्यावर कुणी रागावतं का? शरयू म्हणाली, न्हाई, आम्ही त्यांना कुणी रागावत न्हाई. मॅडम म्हणाल्या, आदरानं बोलता हे छान आहे.

प्रयोगशाळेतली एक बाई राधेश्यामच्या नात्यातली. संध्याकाळी मी दूध आणायला त्याच्या दुकानावरून निघालो तर राधेश्यामनं पाचवीचं मार्गदर्शक काउंटरवर ठेवलं. स्टेशनासमोर मेथीवाला मिशीवाला भेटला. त्यानं पायाला हात लावला, पण पूर्वीपेक्षा जरा वरवर. चिन्मयी मॅडमचा फोन मग रोज यायला लागला. संध्याकाळी शरयूचा फोन मी उचलला तर म्हणायच्या, आजोबा, जरा श्रीपतीला द्या. मी एकदा म्हटलं, तो खेळायला गेलाय. खोटं बोलायची सवय आता चांगली मुरली होती.

ही हकिगत मी गंधालीला रंगवून सांगितली. तिनं हसावं एवढीच माझी इच्छा होती. तिच्यासाठी मी हत्तीसारखी मान खाली घालूनही दाखवली. ती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुम्हाला फुल्या मिळाल्या? किती?"

"अकरा."

तिनं उशाखालची वही काढून पानं चाळली. मग म्हणाली, "माझ्या वहीत एकबी न्हाई."

मी अभिमानानं म्हटलं, "मंग? बघ की. एकही न्हाई." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी तक्त्यात हत्तीच्या रकान्यावर काट मारली आणि त्या दिवशी काहीतरी निर्णय झाला म्हणून समाधानानं झोपलो. इतकं उत्तर समोर असून न दिसणारा विद्यार्थी माझ्या वर्गात असता तर मी त्याला पुढच्या बाकावर आणून बसवलं असतं.

गंधालीला अकरा वर्षं पूर्ण झाली तो दिवस डिसेंबरातला. एकवीस-एकवीस दिवस मोजत सुई नेमकी त्याच दिवशी आली. शरयूनं सुट्टी घेतली, आम्ही जालन्याला जाऊन आलो. ही सुई साधी नसते. औषध दाट, ते आत जाताना पाय झिणझिणतो आणि दोन दिवस त्या बाजूवर टेकता येत नाही. गंधाली एरवी सुईला आईचा हात धरते. त्या दिवशी तिनं धरला नाही. परतीच्या गाडीत ती एका अंगावर रेलून खिडकीबाहेर बघत होती, आणि केकवर नाव काय लिहू असं शरयूनं विचारलं तेव्हा म्हणाली, कशाला.

दुपारी शरयू केक आणायला बाहेर गेली. पाशामियाँ खजुराचा पुडा घेऊन आले. गंधाली पडली होती म्हणून ते ओट्यावरच बसले, आणि माझ्या हातातली तिची वही त्यांनी सहज मागून घेतली. अक्षरं त्यांना फारशी वाचता येत नाहीत, आकडे येतात. दोन पानं उलटली. तिसऱ्यावर बोट ठेवून ते माझ्याकडं बघायला लागले. "सात अठ्ठे चोपन्न? आन् तुम्ही बराबर केलं?"

मी हळू आवाजात डॉक्टरांचं सांगितलं. आजारी लेकरू, मनावर ताण नको, फुली बघून खचली तर. पाशामियाँनी वही मिटली.

"श्रीपतराव, पचास साल मी बाजारात गेलो. गिऱ्हाईक बैलाचे दात बघतं, खूर उचलतं, चालवून बघतं, नावं ठेवतं. धनी चिडतो, पर दिलातून खूश असतो. आन् ज्या जनावराचं तोंड कुणी उघडत न्हाई, नुसतं पाठीवर हात फिरवून 'अच्छा है' म्हणून पुढं जातात ना, त्याचा धनी समजून जातो, ह्याचं आता काही खरं न्हाई. तो मंग दोर सोडून घरी घेऊन जातो." मग उठता उठता म्हणाले, "पोरगी माझ्यापेक्षा जादा हुशार है. तिला समजलं नसंल काय?"

मला राग आला. माझ्या नातीची बैलाशी तुलना केली म्हणून आला, असं मी स्वतःला सांगितलं. ते रस्ता ओलांडून जाईपर्यंत तो राग टिकला. मग माझ्या लक्षात आलं की मी ओट्यावर बसलोय आणि आत जायची मला भीती वाटते आहे.

मी आत गेलो. गंधाली जागी होती. खिडकी उघडीच होती; सगळं ऐकलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं हात पुढं केला, मी वही दिली. तिनं मधून तो शाळेचा कागद काढला आणि पांघरुणावर सरळ केला.

"आबा, ह्याच्यावर तुम्ही अजून खूण केली न्हाई."

मी म्हटलं, राहून गेलं.

"आपण कुठं राहायला जाणार न्हाई. माझं लग्न न्हाई. 'इतर' चालत न्हाई असं तुम्ही आईला सांगितलं. मंग कशासाठी थांबून राह्यलात?"

मी तिच्या पायापाशी बसलो.

ती म्हणाली, "मी मुद्दाम चुकवत होते. पह्यली बेरीज खरंच चुकली होती. तुम्ही बरोबर केली, तवा वाटलं, बघू. मंग वजाबाकी चुकवली. मंग सोपं सोपं चुकवलं. सात अठ्ठे चोपन्नला तर तुम्ही रागवालच असं वाटलं. तुम्ही 'छान' लिहिलं." तिचा आवाज सरळ होता, पाठ केल्यासारखा. "नुसतं लिटर लिहिलं न्हाई तर फुली मारायचे तुम्ही. डॉक्टर आत काय म्हणले? मी मरणार हाये का?"

चौतीस वर्षं मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. ती सगळी उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली असायची. मी तिला त्या बंद दाराआडचं सगळं सांगितलं, डॉक्टरांच्याच शब्दांत, एकही शब्द गोड न करता. झडप थोडी गळते आहे. सुया वेळेवर घेतल्या तर ती आणखी बिघडू नये आणि तू मोठी व्हावीस, अशी त्यांची अपेक्षा आहे. चुकवल्या तर पुन्हा ताप येऊ शकतो आणि मग धोका आहे. शंभर टक्के असं त्यांनी काही सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. पण मरणार असं कुणीही म्हटलेलं नाही. ते माझ्या खुणांनी म्हटलं. ती चूक माझी.

तिनं कागद जवळ ओढला. रडली नाही; मी जवळ जवळ रडलो होतो, पण चष्म्यानं झाकलं.

"किती वर्षं सुया?"

"एकवीस पूर्ण होईपर्यंत तरी. मंग डॉक्टर बघून सांगतील."

"दर एकवीस दिवसांनी?"

"दर एकवीस दिवसांनी."

"म्हणजे आजपासून दहा वर्षं." तिनं दुखऱ्या बाजूवर भार न देता कोपरावर उठून पेन्सिल घेतली, शाळेचा तो कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. तीनशे पासष्ट गुणिले दहा. मग भागिले एकवीस. तिच्या हातातला भागाकार मी चार महिन्यांनी बघत होतो. ओठ मुडपलेले, हातचे बारीक अक्षरात कडेला. तिनं उत्तर लिहिलं, एकशे त्र्याहत्तर, बाकी सतरा, आणि त्याखाली दोन रेघा ओढून कागद माझ्यापुढं सरकवला. लाल पेन माझ्या खिशात आहे हे तिला माहीत होतं.

एकशे त्र्याहत्तर सुया. एवढा मोठा आकडा मी आयुष्यात तपासला नव्हता. मी एकेक पायरी वाचली. मग टोपण काढलं, आणि बाकीच्या सतरावर फुली मारली.

गंधालीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "का?"

"लीप वर्षं. दोन हजार अठ्ठावीस आणि बत्तीस. दोन दिवस धरले न्हाईस. बाकी एकोणीस."

ती कागदावर वाकली. बोटांवर काहीतरी मोजलं, कडेला एक छोटी बेरीज केली, खोडली, पुन्हा केली. मी वाट बघत होतो. वाट बघणं हे माझ्या धंद्यातलं मुख्य काम, ते मला अजून येतं.

"मी सुया काढल्या," ती म्हणाली. "किती सुया, असं गणित व्हतं. बाकी कुणी विचारली? दोन दिवस धरले तरी एकशे त्र्याहत्तरच."

मी मनात भागाकार करून पाहिला. मग कागदावर करून पाहिला. बाहेर फाटक वाजलं, शरयू केक घेऊन आली, तरी मी तिसऱ्यांदा करून पाहिला.

गंधालीनं माझ्या हातातलं लाल पेन काढून घेतलं. माझ्या फुलीवर तिनं एक मोठी फुली मारली, चांगली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि खाली लिहिलं, 'प्रश्न नीट वाचा.'